सीटखालची पेटी

फोन अकरा अडतीसला आला.

"मॅडम, माझ्या गाडीत चोर घुसला. ड्रायव्हरला गोळी घातलीय. रिव्हॉल्व्हर घेऊन पळाला."

"रिव्हॉल्व्हर कोणाचं?"

"माझंच. लायसन्सचं आहे."

सहायक पोलीस निरीक्षक राजश्री गायकर आठ मिनिटांत तिथे पोचली. बेलापूरच्या सरकारी कचेऱ्यांच्या मागे पैसे घेऊन गाड्या लावायचं एक मोकळं मैदान होतं. चाळीसेक गाड्या उन्हात तापत उभ्या होत्या. अँब्युलन्स जखमीला घेऊन नुकतीच निघाली होती. फाटकापाशी मात्र वेगळाच गलका चालला होता. दहा-पंधरा जणांनी एका माणसाला कुंपणाशी दाबून धरलं होतं. त्याचा चौकड्यांचा शर्ट फाटला होता, ओठ फुटला होता आणि पायाशी जेवणाचा डबा उपडा पडला होता.

"हाच तो, मॅडम! चौकड्यांचा शर्ट, सावळा, दाढी वाढलेली. सगळं वर्णन जुळतंय."

"वर्णन कोणी दिलं?"

"गाडीच्या शेठनी."

राजश्रीने हवालदार नामदेवला त्या माणसाला गर्दीतून सोडवून जीपमध्ये बसवायला सांगितलं. झडतीत त्याच्याकडे एक मोबाईल आणि एसटीचं जुनं तिकीट सापडलं. रिव्हॉल्व्हर नव्हतं.

"फेकलं असेल," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

शेवटच्या रांगेतल्या करड्या रंगाच्या मोठ्या गाडीपाशी साठीचा एक धिप्पाड माणूस उभा होता. शर्टाच्या बाहीवर रक्त लागलं होतं. त्याने नाव सांगितलं आणि राजश्रीने मान वर केली.

"नंदकिशोर भोईटे? कळंबोलीच्या लोखंड बाजारातले?"

"हो. मॅडम, तुम्हीच माझ्या परवान्याच्या नूतनीकरणाची चौकशी केली होती. दीड वर्षापूर्वी."

तिला आठवलं. तेव्हा ती दुसऱ्या ठाण्यात होती. भोईट्यांना सहा वर्षांपूर्वी खंडणीचे फोन आले होते आणि त्यावरून हा परवाना मिळाला होता. शस्त्र घरात आणि वाहनात सुरक्षित ठेवण्याची सोय आहे का, हा त्या चौकशीतला एक प्रश्न होता. 'आहे' असं लिहून तिनेच सही केली होती.

"काय झालं ते सांगा."

"ऑफिसात काम होतं. गेटवर शस्त्र आत नेऊ देत नाहीत, म्हणून रिव्हॉल्व्हर गाडीतच ठेवलं. पुढच्या डाव्या सीटखाली लोखंडी पेटी आहे, बोल्टने पक्की केलेली. कुलूप लावून गेलो. कृष्णात गाडीतच होता."

"कृष्णात म्हणजे?"

"माझा ड्रायव्हर. बावीस वर्षं आहे. मी परत आलो तर तो रक्तात पडलेला. पेटी फोडलेली."

"गाडीत आणखी कोण होतं?"

"कोणी नाही. मी आणि तो."

"चोर तुम्ही पाहिलात?"

"नाही. कृष्णातने सांगितलं. चौकड्यांचा शर्ट, दाढी. मागचं दार उघडून आत वाकला, पेटी फोडली. कृष्णात वळला तशी त्याने गोळी झाडली."

राजश्रीने हातमोजे चढवले आणि गाडीत डोकावली.

ड्रायव्हरच्या सीटवर रक्त सांडलं होतं. त्या सीटच्या डाव्या कडेला, खांद्याच्या उंचीवर, कव्हर फाटून आतला फोम बाहेर आला होता. ड्रायव्हरच्या खिडकीच्या वर छताच्या अस्तरात बोटभर भोक होतं. मागच्या सीटवर डाव्या बाजूला गादीत दोन खोलगट खुणा उमटल्या होत्या, बराच काळ काही जड ठेवून उचलल्यासारख्या. खाली पायाशी आंब्याच्या रसाचं छोटं खोकं होतं. नळीच्या टोकाला अजून थेंब होता.

मग तिने पेटी पाहिली. झाकण वाकडं झालं होतं. बाजूला चाक खोलायचा पाना पडला होता. कुलपाची जीभ आत होती. आत काळ्या स्पंजचा थर होता आणि स्पंजवर दुकानातून आलेला पातळ प्लास्टिकचा कागद अजून तसाच ताणून बसवलेला होता.

ती बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली.

"किल्ल्या कुठे आहेत?"

भोईट्यांनी डॅशबोर्डचा कप्पा उघडून दिला. दोन किल्ल्या एका दोऱ्यात ओवलेल्या होत्या, पुठ्ठ्याच्या बिल्ल्यासकट. राजश्रीने त्या पाकिटात टाकल्या आणि ती मागे सरली. ही पेटी तिने पूर्वी पाहिली होती. पण गाडीत नाही. एका फोटोत आणि बिलावर. तेवढ्यावर भागवून तिने तो अहवाल वर पाठवला होता.

*

कृष्णात शुद्धीवर होता. गोळी डाव्या खांद्याच्या मांसातून आरपार गेली होती, हाड वाचलं होतं. पंचावन्नचा, पाटणकडचा, शांत चेहऱ्याचा माणूस. डोळे मात्र सारखे दाराकडे जात होते.

"दुखतंय?"

"न्हाई मॅडम. ठीक हाय."

"चोर आला तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"मोबाईल बघत हुतो." त्याने मान खाली घातली. "माझीच चूक हाय. मी बघायला पायजे हुतं."

"पेटी फोडायला वेळ लागला असेल. आवाज आला असेल."

"आला. पण..." तो अडखळला. "कानात यंत्र घातलं हुतं. गाणी."

"मग तो कधी दिसला?"

"दार उघडल्यावर."

"आधी दार उघडलं, मग पेटी फोडली, मग तुम्ही वळलात?"

"व्हय... तसंच."

"गोळी झाडताना तो उभा होता की बसलेला?"

"उभा. भायेर उभा ऱ्हाऊन आत वाकल्याला."

"एक माणूस पकडलाय. चौकड्यांचा शर्ट. लोकांनी त्याला खूप मारलंय."

कृष्णातचा चेहरा पांढराफटक पडला. "पकडलाय? कुणाला पकडलाय?"

"तुम्ही वर्णन केलंत त्याला."

"त्यो न्हाई!" तो उठायला गेला आणि कळवळून परत आडवा झाला. "म्हणजे... त्यो नसंल मॅडम. त्याला मारू नका. मला नीट दिसलं न्हवतं."

बाहेर परिचारिकेने तिच्या हातात एक पाकीट दिलं. जखमेवर बांधून आलेला कपडा होता. मोठ्या माणसाचा रुमाल ठेवून त्यावर आणखी एक छोटा रुमाल दाबला होता. रक्ताने भिजलेल्या त्या छोट्या रुमालाच्या कोपऱ्यात सेफ्टी पिन अडकलेली होती.

"अँब्युलन्ससाठी फोन कधी आला?"

परिचारिकेने नोंदवही पाहिली. "अकरा एकतीस."

*

राजश्री मैदानात परतली तेव्हा फाटकावरच्या खुर्चीत एक बाई पदराने डोळे पुसत बसली होती. ती तिथे पावत्या फाडायचं काम करत होती. नाव पुतळा, राहणारी खाडीकाठच्या दिवाळे गावची.

"साहेब, तो माजा भाव हाय. देवजी. होरी घेऊन खाडीवर जातो तो. मना डबा द्याला आलता. त्याना कोनाला काय बी केला नाय."

"हे तुम्ही हवालदारांना सांगितलं का?"

"सांगितला. ते बोलले, भाव हाय म्हनून बोलतंस."

नामदेवने नजर दुसरीकडे वळवली.

"गोळीचा आवाज तुम्ही ऐकलात?"

"आयकला. मना वाटला कोनाचा तरी टायर फुटला. तवाच मी एका लाल गारीची पावती फारली व्हती."

तिने पावतीपुस्तक उघडून दाखवलं. येणाऱ्या गाडीची वेळ ती प्रत्येक पावतीवर लिहीत असे. लाल गाडी, अकरा बारा.

"देवजी कधी आला?"

"साराअकराला. आला तवा आवाज होऊन गेलता."

"अकरा बारापासून अँब्युलन्स येईपर्यंत फाटकातून कोण बाहेर गेलं?"

"गारी एक बी नाय गेली. एक बाय रिक्षानी आली व्हती. रिक्षा भायेर उबी ठेवून पलत आत गेली नि पाच मिंटात भायेर आली. हातात पोर व्हती, शालेच्या कपऱ्यात. पोर रडत बी नव्हती, साहेब. निसती बघत व्हती."

"बाईच्या हातात काय होतं?"

"पोरीचा दप्तर खांद्याव. नि एक पिलास्टिकची सीट, बारक्या पोरांना गारीत उंच बसवतात तशी."

राजश्री ताडकन वळली. "नामदेव, दोरी आणा. आणि भोईटे शेठना गाडीपाशी बोलवा. आत्ताच्या आत्ता."

*

तिने दोरीचं एक टोक नामदेवला छताच्या भोकापाशी धरायला लावलं. दोरी ड्रायव्हरच्या सीटच्या फाटलेल्या कडेवरून ओढून ती मागे, खाली नेत गेली. दोरी सरळ झाली तिथे तिने दुसरं टोक धरलं. मागच्या सीटची डावी बाजू. गादीपासून वीत-दीड वीत वर.

"शेठ, बघा. गोळी इथून सुटली. खालून वर गेली. दाराबाहेर उभा राहून आत वाकलेल्या माणसाने झाडली असती तर ती वरून खाली गेली असती. ही बसलेल्या माणसाने मांडीवरून झाडलीय."

"मला यातलं काय कळतंय? कृष्णातने सांगितलं ते मी..."

"पळायच्या घाईतला चोर गाडीत निवांत बसेल का? आणि अनोळखी माणूस मागे येऊन बसला तर कृष्णात पुढे तोंड करून बसून राहील का? तो बसला, कारण मागे बसलेलं माणूस त्याच्या ओळखीचं होतं. त्याला त्याची भीती नव्हती."

भोईट्यांनी गाडीच्या दारावर हात टेकला.

"आता पेटी. बंद कुलूप फोडलं की कुलपाची जीभ बाहेरच राहते, तीच तर अडवत असते. इथे जीभ आत आहे. पेटी उघडीच होती. उघडं झाकण कोणीतरी पान्याने वाकवलं. आणि आतल्या स्पंजवर प्लास्टिक अजून आहे. किल्ल्यांना दुकानाचा बिल्ला आहे. या पेटीत रिव्हॉल्व्हर आज नव्हतं, आणि कधीच नव्हतं. तुम्ही ती माझ्या अहवालासाठी विकत घेतलीत. मीही फोटो बघून सही केली. त्याचा हिशेब मला द्यायचाय, तो मी लेखी देणार आहे. आज तुमच्या कागदाबरोबर माझाही कागद वर जाईल."

ती थांबली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "रिव्हॉल्व्हर पुढच्या सीटच्या मागच्या खिशात ठेवलं होतंत ना? नेहमी तिथेच ठेवायचात?"

भोईट्यांची नजर त्या खिशाकडे गेली.

"त्या खिशासमोर कोण बसलं होतं? सीटवर दोन खुणा आहेत. लहान मुलांना उंच बसवायच्या सीटच्या. खाली रसाचं खोकं आहे. कृष्णातच्या जखमेवर छोटा रुमाल होता, पिन लावलेला. शाळेत बारक्या मुलांच्या छातीवर असा रुमाल लावतात. गोळी अकरा बाराला सुटली. अँब्युलन्सला फोन गेला एकतीसला. एकोणीस मिनिटं, शेठ. त्या एकोणीस मिनिटांत तुम्ही मुलीच्या आईला बोलावलं, मुलीला गाडीतून काढलं, पेटी वाकवली. बावीस वर्षं सोबत असलेला तुमचा माणूस तोवर रक्त गाळत होता."

"तोच म्हणाला!" भोईटे ओरडले. "कृष्णातच म्हणाला, शेठ, आधी पोरीला घेऊन जा. तिच्या नावावर यायला नको. सहा वर्षांची आहे हो माझी नात, क्षिप्रा. शाळा लवकर सुटली म्हणून तिला घेतलं होतं. दहा मिनिटांत येतो म्हणून सांगून गेलो. पोलीस, कोर्ट... जन्मभर तिच्यामागे लागलं असतं."

"सात वर्षांखालच्या मुलाचा गुन्हा होत नाही. कायदा तिच्या केसालाही हात लावत नाही. कोणालाही विचारलं असतंत तर कळलं असतं. पण विचारलंत तर गाडीत उघडं, भरलेलं रिव्हॉल्व्हर ठेवून गेलो हे सांगावं लागलं असतं. परवाना गेला असता, खटला तुमच्यावर आला असता. पेटी तुम्ही तिच्यासाठी नाही वाकवलीत."

भोईटे गाडीच्या पायरीवर खाली बसले. त्यांनी तोंड हातांनी झाकलं.

"आणि चौकड्यांचा शर्ट?"

"सुचेल ते बोललो. कोणी खरंच सापडेल असं वाटलं नव्हतं."

"शेवटचा प्रश्न. झडती झालीय, तुमच्यापाशी रिव्हॉल्व्हर नाही. गाडीत नाही. मैदानात नाही. बाहेर फक्त तीन गोष्टी गेल्या. मूल, सीट आणि दप्तर."

त्यांनी हात खाली केले. डोळे तांबडे झाले होते.

"दप्तरात," ते म्हणाले. "पुस्तकांच्या खाली. संध्याकाळी काढून घेणार होतो. डोकं चालत नव्हतं हो."

"सुनेला माहीत आहे?"

"नाही."

"गोळ्या काढल्यात?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

*

भोईट्यांची सून गीतांजली हिने फोन तिसऱ्या रिंगला उचलला. ती बेलापुरातल्याच एका बँकेत होती, म्हणून दहा मिनिटांत पोचू शकली होती. गाडीत चोर घुसला, क्षिप्राला इथून ने, पोलिसांना तिचं नाव कळू देऊ नकोस, एवढंच सासऱ्यांनी तिला सांगितलं होतं.

"दप्तर कुठे आहे?" राजश्रीने जीपमधूनच विचारलं.

"दप्तर? आतल्या खोलीत. क्षिप्रा तिथेच आहे. आल्यापासून बोलत नाहीये. मी डाळभात लावतेय..."

"गॅस तसाच राहू दे. आत जा. ओरडू नका, धावू नका. तिला कडेवर घ्या आणि घराबाहेर जिन्यात येऊन उभ्या राहा. दप्तराला हात लावू नका."

"का? काय आहे त्यात?"

"आधी तिला उचला."

फोन चालूच होता. पावलं ऐकू आली. दार करकरलं. मग गीतांजलीचा आवाज आला, अगदी बारीक. "क्षिप्रा, बाळा, ती चेन नको उघडू. इकडे ये. आईकडे ये."

त्यानंतर बराच वेळ फक्त कुकरचा आवाज येत राहिला. भोईटे मागच्या बाकावर डोळे मिटून बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

"घेतलं," फोनमधून गीतांजली म्हणाली आणि रडायला लागली.

ते घरी पोचले तेव्हा दप्तराची चेन अर्धी उघडलेली होती. रिव्हॉल्व्हर मराठीच्या पुस्तकाखाली, डब्याला टेकून पडलं होतं. आत एक रिकामं काडतूस होतं आणि पाच भरलेली. राजश्रीने ती मोजून वेगळी ठेवली, पाकिटं बंद केली, पंचांच्या सह्या घेतल्या.

नामदेवने फोन करून सांगितलं की देवजीला सोडलं. "मी त्याची माफी मागितली, मॅडम. तो डब्यातला भात झाडून उचलत होता."

"मी संध्याकाळी दिवाळ्याला जाऊन येते. त्याला मारणाऱ्यांची नावं पुतळाबाईंकडून लिहून घ्या."

कृष्णातचा जबाब पुन्हा घेतला गेला. या वेळी त्याने सगळं सांगितलं. पोरीने मागून विचारलं होतं, काका, हे आजोबांचं काय आहे? त्याने मोबाईलवरून नजर न हलवता म्हटलं होतं, ठेव ते खाली. तेवढंच सांगून तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

भोईट्यांना नेण्यापूर्वी राजश्री जिन्यात आली. क्षिप्रा आईच्या कडेवरून उतरून पायरीवर बसली होती. गणवेशावर छातीपाशी, रुमालाची पिन ओढून काढली होती तिथे, कापड किंचित फाटलं होतं.

"कृष्णातकाका मेले?" तिने विचारलं. दुपारभरातले तिचे ते पहिले शब्द होते.

"नाही. खांद्याला लागलंय. बरे होणार आहेत."

"आजोबा म्हणाले, चोर आला होता. मी डोळे मिटले होते म्हणून मला दिसला नाही." तिने राजश्रीकडे पाहिलं. "पण माझे डोळे उघडे होते."

गीतांजलीने तोंडावर हात दाबला.

राजश्रीने मागे वळून भोईट्यांकडे पाहिलं आणि त्यांना वाट करून दिली. ते पायऱ्या उतरून आले. कठड्याला धरून, गुडघे दुखत असताना, नातीच्या खालच्या पायरीवर बसले. त्यांचं तोंड तिच्या तोंडाच्या खाली आलं.

"चोर नव्हता," ते म्हणाले. "आजोबा खोटं बोलले."

"मग मीच केलं."

"तू नाही. ते तिथे मी ठेवलं. तुझ्यासमोर ठेवलं आणि निघून गेलो. कृष्णातकाकांना लागलं ते माझ्यामुळे."

क्षिप्रा त्यांच्या बाहीवरच्या वाळलेल्या डागाकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "हे काकांना सांगितलं तुम्ही?"

"नाही अजून."

"सांगा ना मग," ती म्हणाली.

भोईट्यांनी राजश्रीकडे पाहिलं. ठाण्याकडे जाताना जीप आधी हॉस्पिटलपाशी थांबली.